खाल्लेला ऊकार

जुनं पुस्तक हातात आलं की मजकुराच्या आधी मी समास पाहते. कुणी पेन्सिलीनं रेघ ओढलेली असते, कुणी हिशेब मांडलेला असतो, कुणी नुसतंच प्रश्नचिन्ह काढून सोडून दिलेलं असतं. गेल्या जानेवारीत आमच्या पेठेतल्या वाचनालयात असंच झालं. मागच्या खोलीत, जिथं ट्यूबलाइट लागायला दोन मिनिटं घेते आणि कपाटांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, तिथं महाभारतावरच्या लेखांचं एक पुस्तक सापडलं. निळं कापडी बांधणीचं, कण्याकडून उसवलेलं. ते मी ओळखलं. तीसएक वर्षांपूर्वी त्याची प्रुफं मी तपासली होती. उघडलं तर नेमकं तेच पान निघालं. खरं सांगायचं तर पुस्तक आपसूक उघडलं नाही, मीच ते पान शोधलं. तिथं एका वाक्याखाली पेन्सिलीची जाड रेघ होती आणि समासात गोल, कौतुकाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘वा!’

वाक्य असं होतं : ‘द्यूत चालू असताना शकुनीने कटाक्ष टाकल्याचे कथेत सांगितलेले नाही, तरी ते सभेत सगळ्यांना दिसत होते.’

हे वाक्य लेखकाचं नाही. ते माझं आहे.

लेखकानं ‘कूटाक्ष’ लिहिलं होतं. कूटाक्ष म्हणजे कपटाचा फासा, आत काहीतरी भरून एका बाजूला जड केलेला. हाताचं लिखाण टंकणाऱ्या मुलाला तो शब्द ठाऊक नसावा, त्यानं ‘कुटाक्ष’ असा ऱ्हस्व उकार दिला. रात्री साडेनऊच्या सुमारास ते पान माझ्यापुढं आलं. दिवाळीच्या आत पुस्तक बाहेर काढायचं होतं, मी सत्तावीस वर्षांची होते, डोळे चुरचुरत होते, आणि ‘कुटाक्ष टाकणे’ वाचल्यावर मनात काय आलं असेल ते कुणाही मराठी माणसाला कळेल. कटाक्ष टाकतातच की! मी लाल शाईनं तो उकार कापला. मूळ हस्तलिखित पलीकडच्या टेबलावर होतं, उठून चार पावलं जायचं होतं. मी उठले नाही. माझ्या कामात चुका दोन जातींच्या असतात. एक, जी डोळ्यात कचऱ्यासारखी खुपते, ‘सुर्य’ किंवा ‘आर्शिवाद’. ती माझ्या हातून क्वचित सुटली. दुसरी जात वाक्यात अशी चपखल बसते की खटकायला जागाच राहत नाही. व्याकरण नीट, अर्थ लागतो, वर लयही साधते. फक्त ती लेखकाची नसते.

पुस्तक आल्यावर दहाबारा दिवसांनी लेखकाचं पोस्टकार्ड आलं. ते वाईचे निवृत्त संस्कृत शिक्षक होते, तेव्हाच सत्तरीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू. कार्डावर बारीक, ताठ अक्षरात मोजून तीन ओळी. ‘पृष्ठ 117 वर आपण एक ऊकार खाल्लात. पुस्तक सुबक झाले आहे. वाईस येणे झाले तर फासे दाखवीन.’ काना खाल्ला, वेलांटी खाल्ली असं आम्ही छपाईतले लोक आपसांत म्हणतो, पण ते असं लेखकाच्या हातून लिहून आलं की घशाशी अडकतं. त्या ओळींत राग कुठंच नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं.

मी गेले ती पुढच्या उन्हाळ्यात. गणपतीच्या घाटापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर होतं, खाली फरशी, वर माडी, आणि माडीवर चढताना हात धरायला दोर. सरांनी पानसुपारीच्या डब्याएवढी एक लाकडी पेटी काढली. आत मळक्या मखमलीचा सारीपाट, सोळा सोंगट्या आणि तीन फासे. ज्यांनी फक्त साप-शिडीचा ठोकळा पाहिलाय त्यांना सांगते, सारीपाटाचा फासा लांबट असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि त्याच्या चारच बाजूंवर ठिपके असतात : एक, दोन, पाच, सहा. टोकं कोरी. दोन सहा आणि एक एक पडला की पौ बारा. ‘त्याचे पौ बारा आहेत’ असं आपण सर्रास म्हणतो आणि फासा डोळ्यांपुढं येतही नाही. सरांचे फासे हाडाचे होते, जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे पिवळसर, कडा हात लागून लागून गोलावलेल्या. ठिपका म्हणजे बारीक वर्तुळ आणि मधोमध एक टिंब. त्यातलं काळं काही ठिकाणी निघून गेलं होतं. त्यांनी तिन्ही फासे तळहातांमध्ये घोळवले. हाड हाडावर घासल्याचा कोरडा, किंचित दाणेदार आवाज आला. मग चटईवर सोडले. मग पुन्हा. आणि पुन्हा.

‘‘यातला एक खोटा आहे. ओळखा बाई.’’

मी एकेक उचलून पाहिला. तळहातावर तोलला, कानाशी नेऊन हलवला, खिडकीपाशी उजेडात धरला. तिन्ही सारखे. शेवटी टाकतच बसले, विसाएक वेळा तरी, आणि तेव्हा लक्षात आलं की एका फाशावर सहाचं दान जरा जास्तच येतंय. दर वेळी नाही. दर वेळी आलं असतं तर कुणीही पकडलं असतं. अधूनमधून पाच, मग सहा, सहा, मग दोन, परत सहा. मी विचारलं, आत शिसं भरलंय का? सर म्हणाले, ‘‘कुणी काही भरलेलं नाही. हाड आहे ते. एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला पोकळ. त्यात वाईचे साठ-सत्तर पावसाळे पेटीत काढलेले. माझे वडील याच्यानंच खेळत आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. मलाही उशिरा कळलं.’’

मग त्यांनी मला एक व्याख्या सांगितली. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘कूटस्थ’ शब्द येतो. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य ‘कूट’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगून टाकतात : दृश्यमानगुणम् अन्तर्दोषं वस्तु कूटम्. दिसायला गुणाची, आत दोष असलेली वस्तू, ती कूट. लगेच पुढं ते लोकव्यवहारातली उदाहरणं देतात, कूटरूप म्हणजे खोटं नाणं, कूटसाक्ष्य म्हणजे खोटी साक्ष. मी ते वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं. उतरवताना हात थबकला. माझा ‘कटाक्ष’ या व्याख्येत तंतोतंत बसत होता. वरून गुण, आत दोष.

तेव्हापासून या शब्दाचा मला नाद लागला. संस्कृत मी शाळेपुरतंच शिकलेली. पण शब्दकोशात एखाद्या शब्दापाशी बसून राहणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग होता. कूट या शब्दाचं घराणं चमत्कारिक आहे. चित्रकूट, अन्नकूट यांतलं कूट म्हणजे शिखर किंवा रास. लोहाराची ऐरण तीही कूट, जनावर पकडायचा सापळा तोही कूट. कूटतुला म्हणजे मापात मारणारा तराजू, कूटलेख म्हणजे बनावट दस्तऐवज. मराठीत आपण कूटप्रश्न आणि कूटनीती ठेवली, बाकीची पिलावळ पोथ्यांत राहिली. आपल्या स्वयंपाकघरातलं दाण्याचं कूट मात्र कुटण्यातून आलेलं. त्याचा या घराण्याशी संबंध नाही, पण खलबत्त्यात दाणे घातले की मला हटकून हे सगळं आठवतं. घाव सोसूनही न हलणारी ऐरण आणि हातोहात फसवणारा फासा एकाच शब्दाच्या पोटात कसे राहिले असतील? शंकराचार्यांना कूटस्थाचा अर्थ लावताना राशीसारखं अचल आणि मायेत असलेलं असे दोन्ही अर्थ मांडावे लागले, यावरून ती अडचण जुनीच आहे, एवढं मला कळतं.

‘अक्ष’ही काही साधा नाही. फासा, गाडीचा आस, बेहड्याचं फळ, रुद्राक्षातला मणी, सगळे अक्ष. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं चौतिसावं सूक्त एका हरलेल्या जुगाऱ्याचं आहे आणि त्याचे फासे म्हणजे बेहड्याची फळं. त्यात एक ऋचा आहे, ती वाचली की माझ्या अंगावर काटा येतो. फासे खाली लोळतात, वर उसळतात, त्यांना हात नाहीत तरी हात असलेल्याला ते नमवतात. पटावर टाकलेले ते दिव्य निखारे आहेत, स्वतः थंड, आणि काळीज जाळून टाकणारे. हे लिहिणाऱ्यानं फासे नुसते लांबून पाहिलेले नाहीत. बायको दूर लोटते, सासू तोंड फिरवते, रात्री दुसऱ्यांच्या घराशी जाऊन उभं राहावं लागतं, हे सगळं त्या सूक्तात आहे. ‘फाशांनी खेळू नकोस, शेतीच कर’ हा सवितादेवाचा सांगावाही आहे. कपटाचा फासा मात्र त्यात नाही. त्या माणसाला सरळ फाशांनीच खाल्लं.

कूटाक्ष भेटतो तो धर्मशास्त्रात. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की कूटाक्षानं आणि उपधीनं म्हणजे लबाडीनं खेळणाऱ्यांना राजानं खूण करून देशाबाहेर घालवावं. त्यावर मिताक्षरा ही टीका लिहिली विज्ञानेश्वरानं, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आपल्या सोलापूरपासून फार लांब नसलेल्या आजच्या बसवकल्याणात. खूण कसली, तर कुत्र्याच्या पंजाची वगैरे, हे तो स्पष्ट करून सांगतो. कौटिल्याकडं जुगाराचा सरकारी अध्यक्ष आहे, एका ठरावीक जागीच खेळ चालवायचा, जिंकलेल्या रकमेतले शेकडा 5 सरकारजमा करायचे, आणि कवड्या किंवा फासे परस्पर बदलले तर 12 पण, म्हणजे त्या काळची नाणी, दंड. फाशांत खोट केलेली सापडली तर दंड आणखी मोठा आणि जिंकलेलं सगळं परत काढून घ्यायचं. पण माझ्या मनातून जात नाही ती नारदस्मृतीतली शिक्षा. कूटाक्षानं खेळणाऱ्याच्या गळ्यात अक्षमाला घालावी आणि त्याला जुगाराच्या फडातून हाकलून द्यावं. अक्षमाला, म्हणजे इथं फाशांची माळ. हाच शब्द जपमाळेलाही आहे. गळ्यात हाडाच्या फाशांची माळ घेऊन एक माणूस भर बाजारातून चाललाय, पावलागणिक फासे छातीवर आपटताहेत, आणि लांबून पाहणाऱ्याला तो कुणी जपी-तपी वाटतोय. हे चित्र नारदाला दिसलं होतं का, कोण जाणे. मला ते दिसतं.

ललित वाङ्मयात गेलं की शिक्षेचा हा सूर एकदम बदलतो. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’त अपहारवर्मा चंपानगरीच्या जुगारघरात शिरतो आणि पंचवीस प्रकारच्या द्यूतकला पाहून घेतो. शिवाय फासे, पट आणि हात यांतली कूटकर्मं. दण्डी त्यांना विशेषण लावतो, ‘अत्यन्तदुरुपलक्ष्य’, ध्यानात यायला महाकठीण. त्या शब्दात नाराजी शोधून सापडत नाही, कसबाला मिळालेली दादच आहे. ‘मृच्छकटिका’त दहा सुवर्णांचा देणेकरी झालेला संवाहक पळतो, उलट्या पावलांनी देवळात शिरतो आणि मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यात स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. मागावर आलेले दोघं त्याच्यासमोरच डाव मांडतात. फाशाचा आवाज कानावर येतो आणि दगडाची मूर्ती अस्वस्थ होते. राज्य गेलेल्या राजाला नगाऱ्याचा आवाज जसा ओढतो तसा कफल्लक जुगाऱ्याला हा आवाज ओढतो, असं तो मनात म्हणतो आणि शेवटी ‘माझं दान!’ म्हणत पुढं येऊन पकडला जातो. हे वाचताना मला सरांच्या तळहातांतला तो दाणेदार आवाज ऐकू येतो.

आणि शकुनी. वडिलांच्या हाडांचे फासे ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय, कीर्तनात, मालिकांत. सभापर्वात ती नाही. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती मी सरांच्याच सांगण्यावरून पाहिली. सभापर्वाचं संपादन एजर्टन या अमेरिकी पंडितानं केलं, 1944 साली ते बाहेर आलं. त्यात बहुतेक डावांना तेच पालुपद आहे. हे ऐकून शकुनीनं निकृतीचा आश्रय केला आणि ‘जितम्’ एवढंच तो युधिष्ठिराला म्हणाला. निकृती म्हणजे कपट, शाठ्य. कपट फाशात होतं की हातात, की समोरच्या माणसाच्या स्वभावात, हे ते पालुपद सांगत नाही. खेळाआधी शकुनी दुर्योधनाला सांगतो की डावावर लावलेला पण हे माझं धनुष्य, फासे हे बाण, फाशांचं हृदय ही दोरी आणि पट हा माझा रथ. फाशांचं हृदय! विदर्भाच्या दमयंतीचा नवरा नळ, फाशांत कलीचा साथीदार द्वापर शिरल्यामुळं राज्य हरलेला, पुढं ऋतुपर्ण राजाकडून जे शिकतो ते हेच अक्षहृदय, फाशांचं मर्म. एकाच विद्येनं एकाचं राज्य परत येतं, दुसऱ्याचं जातं. सरांचा सगळा लेख त्यावर होता. वनपर्वात युधिष्ठिर भीमाजवळ कबूल करतो, की शकुनीचे फासे त्याच्या मनासारखे सम-विषम पडताहेत हे मी पाहत होतो, तेव्हाच मनाला आवर घालता आला असता, पण राग माणसाचं धैर्य मारून टाकतो. म्हणजे त्याला दिसत होतं. भीष्मांना, द्रोणांना, विदुराला दिसत होतं. विदुर तर मोठ्यानं बोललाही. ‘तरी ते सभेत सगळ्यांना दिसत होते’ हे वाक्य सरांनी या जागी, या अर्थानं लिहिलं होतं. न सांगितलेला खोटा फासा, जो सगळ्यांना दिसला आणि कुणी उचलून बाजूला ठेवला नाही.

मी त्याचं शकुनीचं तिरकं पाहणं करून टाकलं.

गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण आपल्या विभूती सांगताना म्हणतो, फसवणाऱ्यांतलं द्यूत मी आहे. मला हे कधीच नीट पचलं नाही. हिमालय मी, गंगा मी, आणि जुगारही मी? ज्ञानोबांनी तिथं जी ओवी लिहिली आहे तिच्यात छळाच्या विंदाणांमधलं, म्हणजे फसवणुकीच्या क्लृप्त्यांमधलं, जुवं ते मी, असं म्हणून ते पुढं म्हणतात, ‘म्हणोनि चोहटां चोरी परी कवणा निवारूं न ये’. भर चव्हाट्यावर चोरी होते आणि ती कुणालाच थांबवता येत नाही. आळंदीच्या त्या तरुणानं भाष्य करता करता सगळं सभापर्व एका ओळीत आणून ठेवलं. अंधारातली चोरी पकडता येते, दिवा लावला की झालं. चव्हाट्यावरच्या चोरीला दिवा कुठला लावायचा?

आमच्या आजोळी, सातारा रस्त्यावरच्या एका गावात, दिवाळीच्या पाडव्याला पट मांडत. द्यूतप्रतिपदा म्हणून. कापडी पट, पण फासे नव्हते, कवड्या होत्या. शंकर-पार्वती खेळले म्हणून आपणही खेळायचं, पैसे लावायचे नाहीत, चुरमुऱ्यांचे लाडू लावायचे. वेरूळला रामेश्वर लेण्यात, म्हणजे 21 नंबरच्या, तो खेळ दगडात आहे, आणि मी तिथं उभी राहिले तेव्हा मला आमचा ओटाच आठवला. आजी कवड्या ओंजळीत धरून कपाळाला लावायची आणि खंडोबा-म्हाळसेची गोष्ट सांगायची. सारीपाटात देव हरला आणि बारा वर्षं घराबाहेर पडला, तो चंदनपुरीला जाऊन बाणाईच्या मेंढ्या राखू लागला. मी एकदा विचारलं, ‘‘आजी, देव हरला कसा?’’ आजी म्हणाली, ‘‘जायचं होतं त्याला.’’ एवढंच. कवड्या टाकल्या, दान मोजलं, सोंगटी सरकवली. त्या वेळी मला वाटलं होतं आजीनं उत्तर टाळलं. आता वाटतं, म्हाळसेलाही ते ठाऊक असणार, पटाभोवती बसलेल्या सगळ्यांनाच ठाऊक असणार, आणि तरी डाव शेवटपर्यंत खेळला गेला.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. शुद्धिपत्र लावायचं राहून गेलं. प्रकाशकाकडं मी दोनदा बोलले, मग बोलणं बंद केलं. वाईहून निघताना सरांनी तो सहाचा फासा माझ्या हातावर ठेवला होता. मी नको म्हटलं, जोड मोडेल म्हणून. ते म्हणाले, ‘‘तसाही आता कोण खेळतंय?’’ तरी मी तो पेटीत परत ठेवला. याची हळहळ मला आजही वाटते.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी ते पान उघडं ठेवून बराच वेळ स्टुलावर बसले. ‘वा!’ लिहिणाऱ्याला काय आवडलं असेल? न टाकलेला कटाक्ष, जो सगळ्यांना दिसला. खरोखरच सुंदर आहे ते वाक्य. मला ते सुंदर वाटतं याचाच मला त्रास होतो. आतल्या पुठ्ठ्यावर जांभळा शिक्का होता, ‘पुस्तकावर काहीही लिहू नये’. आयुष्यात वाचनालयाच्या पुस्तकावर मी कधी टिंबही दिलेलं नाही. पर्समधून पेन्सिल काढली, टोक कागदावर घासून बारीक केलं, आणि ‘कटाक्ष’मधल्या क-च्या पोटाखाली ऊकार काढला, दीर्घ, शेपटी उजवीकडं वळवून. छापील अक्षरांच्या उंचीशी जुळेल असा, घाई न करता. रेघ आणि ‘वा!’ तसंच राहू दिलं. बाहेर आल्यावर ग्रंथपालबाईंना म्हटलं, हे माझ्या नावावर टाका. त्यांनी मागची चिठ्ठी पाहिली, शेवटची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. त्यांनी शिक्क्याचा आकडा फिरवला, शाईच्या गादीवर दाबला आणि तिच्याखाली नवी तारीख उमटवली.